मानसोपचारतज्ज्ञ शोधताना नुसत्या कार्डाच्या भरवशावर राहू नका : या चुका टाळा

"गुरुजी, कार्ड तं आहे न आपल्यापाशी. मंग पैसे काहून मांगून राह्यले?"

कार्ड म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं, आयुष्मानचं. दवाखान्याच्या काउंटरवरून असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो, "पेशंट भरती आहे, की नुसता दाखवायला नेला?" दहा-अकरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आईला घाटंजीहून यवतमाळला घेऊन गेलो. तेव्हापासून आसपासच्या गावांतले लोक मला विचारत येतात. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. त्यातल्या एका चुकीने तर घरं कर्जात घातली आहेत, म्हणून तिच्याबद्दल आधी सांगतो.

ओपीडीत कार्ड चालेल, असं धरून निघू नका

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना आपल्या राज्यात २०२० पासून एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते भरती झालेल्या पेशंटच्या उपचारासाठी. डॉक्टरला दाखवलं, चिठ्ठी घेतली, गोळ्या घेऊन घरी आलो, हे त्यात बसत नाही. मानसिक आजारात बहुतेकांना भरती व्हायची गरजच पडत नाही. तपासणी, गोळ्या, महिन्याने पुन्हा तपासणी, असंच वर्ष-दोन वर्ष चालतं. म्हणजे जिथे खरा खर्च होतो, नेमकं तिथेच कार्ड कामी येत नाही.

दुसरी गोष्ट तर कोणी विचारतच नाही. दवाखान्याचं नाव योजनेच्या यादीत आहे म्हणजे तिथे सगळे आजार योजनेत झाले, असं नसतं. एखादा दवाखाना हाडांसाठी अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेला असतो, एखादा किडनीसाठी. आयुष्मानच्या पॅकेजांत मानसिक आजारांचा विभाग आहे, पण तो प्रत्येक खासगी दवाखान्यात मिळेलच असं धरू नका.

एका कास्तकाराच्या घरची गोष्ट सांगतो. कापसाची वेचणी जोरात होती. चोवीस वर्षांचा पोरगा, रात्ररात्र जागा, एकटाच बोलायचा, आईच्या हातचं जेवायचा नाही, म्हणायचा यात काही तरी टाकलं आहे. पंधरा दिवस 'बाहेरचं' पाहण्यात गेले. मग कोणी तरी मोबाईलवर यादी पाठवली, त्यात नागपूरच्या एका मोठ्या खासगी दवाखान्याचं नाव होतं. बापाने गाडी केली आणि पोराला दोघांनी धरून दीडशे किलोमीटर नेलं. काउंटरवर सांगितलं, ओपीडीला कार्ड नाही. भरती करा म्हटलं, तर म्हणे मानसोपचार आमच्याकडे योजनेत नाही. तोवर डोक्याचा स्कॅन काढून झाला होता, रोख पैसे भरून. एक रात्र तिथे काढली आणि दुसऱ्या दिवशी परत. अठरा हजार गेले, वेचणीच्या मजुरीचे पैसे होते ते. घरी आल्यावर बाप मला म्हणाला, "माह्यी तं बुद्धीच चालून नाही राह्यली गुरुजी."

त्या माणसाची काय चूक? कार्ड हातात देताना त्याला कोणी हे समजावून सांगितलंच नव्हतं. चार दिवसांनी आम्ही एसटीने यवतमाळला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला आणि मानसोपचार विभागात दुपारी दोनपर्यंत बसलो. डॉक्टरांनी बापाचं सगळं ऐकून घेतलं, मग पोराशी वेगळं बोलले आणि गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात पोरगा आईच्या हातचं जेवला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी सरकारी ओपीडी, कार्ड भरतीसाठी राखून ठेवायचं. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर इथे सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. मेडिकल कॉलेज वेगळ्या खात्याचं, तिथे थोडी फी लागते, तेवढे सुटे पैसे जवळ ठेवा.

भरती करायचीच वेळ आली तर घरून निघण्याआधी योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन लावा. प्रत्येक अंगीकृत दवाखान्यात योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र बसतो, त्याच्याशी बोला. मी सरळ विचारतो : मानसोपचार तुमच्याकडे योजनेत आहे का? डॉक्टर रोज असतात की ठरावीक वारी? भरतीच्या आधीच्या तपासण्यांचे पैसे लागतील का? उत्तर वहीत लिहून घेतो, बोलणाऱ्याच्या नावासकट. 'हो हो, या तुम्ही' एवढंच उत्तर मिळालं तर मी गाडी काढू देत नाही.

वार न विचारता निघणे

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ रोज नसतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी येतं. तो दिवस आशाताईला विचारा, नाही तर रुग्णालयात आदल्या दिवशी जाऊन विचारा. एवढ्याने जिल्ह्याची खेप वाचते.

डोक्याचा डॉक्टर म्हणून न्यूरोकडे जाणे

मेंदूच्या नसांचा डॉक्टर वेगळा, मानसोपचारतज्ज्ञ वेगळा. समुपदेशक बोलून मदत करतो, गोळ्या लिहून देत नाही. पाटीवर एमडी सायकिअ‍ॅट्री किंवा डीपीएम लिहिलं आहे का ते पाहा.

कागद ऐन वेळी शोधणे

आधारवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, आणि सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डात. हे पेशंट बरा असतानाच दुरुस्त करून घ्या. पांढरं रेशन कार्ड आहे म्हणून आपल्याला योजना नाही, हा समजही सोडा. २०२३ च्या शासन निर्णयाने ती सगळ्यांना खुली झाली. आणि पैसे घेऊन 'लगेच कार्ड काढून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

डॉक्टर बदलत राहणे

याची मला सगळ्यात जास्त चीड येते. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. लोक आठव्या दिवशी म्हणतात, फरक नाही. मग दुसरा डॉक्टर, मग तिसरा, आणि प्रत्येक ठिकाणी आधीची चिठ्ठी लपवायची, डॉक्टर रागावेल म्हणून. नवीन डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. एका बाईने महिन्यात तीन ठिकाणं केली. तिच्या पिशवीत एकाच गोळीची तीन कंपन्यांची पाकिटं निघाली आणि ती तिन्ही घेत होती. गावातल्या मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून भागवणं याहून वाईट. झोप लागते, आजार तसाच राहतो आणि वर गोळीची सवय लागते.

मी शंभर पानी वही करतो. पहिल्या पानावर आजार कधी सुरू झाला ते, मग प्रत्येक चिठ्ठीची झेरॉक्स चिकटवायची, कोणती गोळी कधी वाढवली, कधी चुकली, झोप किती झाली ते लिहायचं. डॉक्टर ती वही उघडून वाचतात. तोंडाने सांगताना घरचे चौघे चार गोष्टी सांगतात.

विष घेतल्याचं लपवणे

घरचे 'चुकून प्यायला' असं सांगतात, पोलिसांची भीती असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करत नाहीत. खरं सांगा, म्हणजे जीव वाचल्यावर त्याला मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवता येईल. कोणी जीव द्यायची भाषा करत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. १०८ लावा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा. रात्री-बेरात्री कोणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करणे

तोच पोरगा, पाचव्या महिन्यात. पेरणीची घाई, यवतमाळला जायला सवड नाही, आणि पोरगा तर चांगला दिसतो. गोळ्या संपल्या त्या संपल्याच. दीड महिन्यात तो पुन्हा जागा राहायला लागला. त्या वेळी मात्र बापाने कोणाला विचारलं नाही. वही घेतली, पोराला घेतलं आणि पहिल्या एसटीने मेडिकलला गेला. आता गोळ्या संपायच्या चार दिवस आधीची तारीख तो कॅलेंडरवर खूण करून ठेवतो, आणि त्या दिवशी वावरात मजूर लावतो.