सर्वोत्तम व्हिडिओ गेम ठरवायचे तर आधी जुने गेम नीट खेळा

‘आजवरचे सर्वोत्तम गेम’ या नावाच्या बहुतेक याद्या एकाच रीतीने तयार होतात. आधीच्या चार याद्या समोर ठेवायच्या, क्रमांक थोडे वर-खाली करायचे, गेल्या दोन वर्षांत गाजलेले दोन गेम मध्ये घुसवायचे, झाली यादी. त्यात ढोबळ चूक सापडत नाही, पण कुणी काही ठरवलंय असंही दिसत नाही. पुढचं सगळं स्वतः खेळून स्वतः ठरवणाऱ्यांसाठी आहे.

आधी प्रश्न ठरवा

‘सर्वोत्तम’ या नावाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. सगळ्यात जास्त खपलेला गेम कोणता, इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा कोणता, आणि आज खेळायला बसलं तर सगळ्यात चांगला कोणता. पहिल्याचं उत्तर आकड्यांत मिळतं. माइनक्राफ्टच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात, तिथे वादाला जागाच नाही. दुसरा प्रश्न संग्रहालयाचा. अमेरिकेतल्या ‘द स्ट्राँग’ या संग्रहालयाने २०१५ मध्ये व्हिडिओ गेमचं हॉल ऑफ फेम सुरू केलं, तेव्हा पहिल्या सहांत पोंग होता, आणि तो असायलाच हवा होता. पण १९७२ चा पोंग आज संध्याकाळभर खेळत बसणारा माणूस मी पाहिलेला नाही.

तिसरा प्रश्न घ्या. तो घेतला की ‘पहिला’ असल्याचे गुण देणं बंद करावं लागतं. १९९२ च्या ड्यून टूने रिअल-टाइम स्ट्रॅटेजीचा (पाळीसाठी न थांबता चालू लढाईतच फौजेला हुकूम देण्याच्या गेमचा) साचा घालून दिला, त्याच्या मागोमाग एक अख्खा प्रकार उभा राहिला. पण त्यात एका वेळी एकच तुकडी निवडता येते आणि प्रत्येकीला वेगळा हुकूम द्यावा लागतो. १९९८ चा स्टारक्राफ्ट बारा तुकड्या एकदम उचलू देतो, आणि त्याच्या तीन जमाती एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की प्रत्येकीसाठी डोकं वेगळं चालवावं लागतं. ऋण ड्यून टूचं, जागा स्टारक्राफ्टची.

लांब यादी

शंभरेक नावं लिहा, शेवटापर्यंत किंवा पुरेसे खेळलेले गेमच. दुसऱ्याला खेळताना व्हिडिओत पाहिलं ते धरायचं नाही. कोडी, फायटिंग, स्ट्रॅटेजी आणि खेळांचे गेम राहून गेलेत का ते एकदा बघा, कारण हे प्रकार हटकून विसरले जातात.

मेटाक्रिटिकचे (समीक्षकांचे गुण एकत्र करून शंभरपैकी आकडा देणाऱ्या वेबसाइटचे) गुण इथे फक्त नावं आठवायला वापरा. तिथे द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइमला ९९ आहेत, आणि ९८ वर सोलकॅलिबर, टोनी हॉक्स प्रो स्केटर २ आणि ग्रँड थेफ्ट ऑटो फोर असे तिघे शेजारी बसलेत. हे गुण बहुतांशी गेम बाजारात आला तेव्हाचे, त्या दिवसांतल्या इतर गेमशी तुलना करून दिलेले. सर्वकाळाचा निवाडा त्यात कुणी केलेलाच नव्हता.

जुना गेम आज कसा खेळायचा

बहुतेक याद्या इथे कोसळतात, आणि मीही इथेच बरीच वर्षं अडखळलो. एक तर जुन्या गेमला न खेळताच नमस्कार केला जातो, नाहीतर वीस मिनिटं खेळून ‘आता नाही सहन होत’ म्हणून बाजूला टाकलं जातं. यावरचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘बालपणीच्या आठवणी बाजूला ठेवा’. हा सल्ला निरुपयोगी आहे. आठवणी कुणालाच बाजूला ठेवता येत नाहीत, आणि खरी अडचण त्यांची नसतेच. ती हातांची असते.

कंट्रोलरच्या डाव्या स्टिकने चालायचं आणि उजव्या स्टिकने पाहायचं, ही सवय २००१ च्या हेलोनंतर घट्ट झाली. त्या सवयीचे हात घेऊन १९९७ च्या गोल्डनआयकडे गेलात, तर एकच स्टिक असलेल्या त्या कंट्रोलरवर पहिला तासभर भिंतीवर आपटत राहाल. त्या तासात बनलेलं मत तुमच्या बोटांबद्दलचं असतं. म्हणून माझा नियम सरळ आहे: पहिली बैठक धरायची नाही. कंट्रोलरकडे न बघता खेळता येऊ लागलं की मगच वही उघडायची. त्यानंतरही जे टोचतं तो गेमचा दोष, बिनधास्त लिहा. सुपर मारिओ ६४ (१९९६) या चाळणीतून घातला की दोन गोष्टी वेगळ्या होतात. मारिओचं धावणं, वळणं, तिहेरी उडी यांतली मजा आजही शाबूत आहे. कॅमेरा मात्र आजही अरुंद जागी अडकतो आणि ऐन उडीच्या वेळी भलतीकडे पाहतो. मजेचे गुण द्या, कॅमेऱ्याचे कापा.

मग यंत्र. जुने गेम सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीच्या जाड टीव्हीसाठी बनले होते, आणि बटण दाबल्यावर तिथे चित्र लगेच हलायचं. आजचे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतात, त्यात थोडा वेळ जातो. १९८७ च्या पंच-आउटमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याची हालचाल पाहून निमिषात हुकवायचं असतं, तिथे एवढा उशीर पुरे होतो. टीव्हीचा गेम मोड (ही प्रक्रिया कमी करणारी सेटिंग) सुरू करा. तो नसेल तर असल्या गेमवर मत देऊ नका. शक्य तिथे ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या टीव्हीची) आवृत्ती घ्या, कारण युरोपातल्या ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी काढलेले त्या काळचे कितीतरी गेम चक्क सहाव्या हिश्शाने हळू चालतात. आणि सीआरटीचा फिल्टर (जुन्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारी सोय) मिळाला तर लावा. सॉनिक (१९९१) मधले धबधबे उभ्या पट्ट्यांचे आहेत. जुन्या टीव्हीवर त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं, आजच्या लख्ख पडद्यावर ते गजांसारखं दिसतं आणि लोक ग्राफिक्सला नावं ठेवतात.

तिसरी गोष्ट कागदाची. पहिल्या झेल्डासोबत पुस्तिका आणि नकाशा यायचा. ती पुस्तिका न वाचता ‘गेम काही सांगतच नाही’ ही तक्रार करणं म्हणजे पत्ता न घेता घर सापडत नाही म्हणून ओरडणं. १९८६ च्या मेट्रॉइडमध्ये नकाशाच नाही, खेळणारे तो कागदावर काढायचे. तुम्हीही काढा, कारण तो काढणं हा गेमचाच भाग आहे. काढताना कंटाळा आला, एकसारख्या दिसणाऱ्या बोगद्यांचा वैताग आला, तर तेही मत वैध आहे. १९९४ च्या सुपर मेट्रॉइडने नकाशा गेममध्येच दिला आणि तो माझ्या यादीत पहिल्याच्या फार वर आहे. मात्र इंटरनेटवरचं वॉकथ्रू (गेम कसा पार करायचा ते पायरीपायरीने सांगणारं मार्गदर्शन) उघडायचं नाही. डब्यात जे मिळायचं ते वाचा, त्यापलीकडे काही नाही.

आणि रिवाइंड. जुन्या गेमच्या नव्या संग्रहांत मागे जायचं बटण असतं, इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कुठेही सेव्ह करता येतं. खुशाल वापरा, पण मग मत देऊ नका. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) ची पहिली लेव्हल घ्या. समोरून गूम्बा नावाचा छोटा शत्रू चालत येतो, एक अक्षरही लिहिलेलं नसतं, उडी मारली नाही तर मराल. मग ठोकळ्यातून मशरूम निघतो, पुढे जाऊन पाइपला आपटतो आणि उलटा तुमच्याच अंगावर येतो. चुकवायला उडी मारलीत तरी वरच्या ठोकळ्यांना आपटून बहुतेक वेळा त्यावरच पडता, आणि मोठे होता. गूम्बा मारतो आणि मशरूम वाढवतो, हे एवढ्यात कळलं. हा धडा मरण्याला किंमत असेल तरच धडा असतो. रिवाइंड दाबत गेलात तर ती नुसती सरकती चित्रं.

कूर्मगती लढायांच्या रोल-प्लेइंग गेममध्ये वेग वाढवायचं बटण दाबावंसं वाटेल. दाबा, पण कुठे दाबावंसं वाटलं ते लिहून ठेवा. परीक्षण तिथेच निम्मं झालं. क्रोनो ट्रिगर (१९९५) मध्ये मला ते क्वचितच दाबावंसं वाटतं, कारण शत्रू बहुधा समोर चालताना दिसतात, दर चार पावलांवर पडदा फाडून लढाई सुरू होत नाही.

एवढं झाल्यावर एका वाक्यावर पक्की बंदी घाला: ‘त्या काळासाठी चांगला होता.’ टेट्रिसला ती सवलत लागत नाही. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत इलेक्ट्रॉनिका ६० या सोव्हिएत संगणकावर लिहिला. त्या यंत्राला ग्राफिक्स नव्हते, ठोकळे कंसांच्या चिन्हांनी काढलेले होते, आणि गेम आजच्याइतकाच जबरदस्त होता. स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) मध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेल्यांचा वेग वाढतो. मुळात यंत्राला कमी आकृत्या काढायच्या राहायच्या म्हणून ते घडायचं, पण शेवटच्या एकाला गाठताना अजूनही हाताला घाम येतो. ज्या गेमची बाजू घेताना सन सांगावं लागतं, तो वरच्या दहांत नको.

कोणती आवृत्ती?

नुसतं चित्र धारदार केलं असेल तर गेम तोच. पुन्हा बांधला असेल तर दुसरा. २००५ आणि २०२३ चे रेझिडेंट ईव्हिल ४ दोन वेगळे गेम आहेत. ओकारिनाची मूळ १९९८ ची आवृत्ती आणि २०११ ची थ्रीडीएस या निन्टेंडोच्या हातात धरायच्या कन्सोलवरची मी एकाच नोंदीत धरतो, मात्र दुसरीच खेळायला सांगतो. पाण्याच्या मंदिरात लोखंडी बूट घालायला-काढायला दरवेळी मेनू उघडण्याची शिक्षा तिच्यात नाही.

पॅचचं (गेम विकल्यानंतर येणाऱ्या दुरुस्त्यांचं) काय? सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये अशा अवस्थेत आला की सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतरचा गेम वेगळाच आहे. आज मिळतो त्याचाच निवाडा करा आणि आवृत्तीचा क्रमांक शेजारी लिहा. सर्व्हर बंद होऊन जे कायमचे गेले (द क्रू २०२४ मध्ये गेला) ते यादीत येत नाहीत.

जोड्या लावा

दहापैकी गुण देऊ नका. साडेआठ आणि पावणेनऊ यांत काय फरक, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. एकाच प्रकारचे दोन गेम घ्या आणि विचारा, यातला एकच पुन्हा सुरुवातीपासून खेळायचा असेल तर कोणता? जिंकणारा पुढे. प्रकार बदलले की प्रश्न बदला: या गेमने माझा किती वेळ फुकट घालवला? पोर्टल (२००७) तीन-चार तासांत संपतो आणि त्यातली एकही खोली भरतीची वाटत नाही. शंभर तासांच्या, नकाशाभर खुणा पेरलेल्या गेमला लांबीचे गुण देणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही. पहिले दहा क्रमाने लावा, बाकीचे गटाने. ४३ वा आणि ४४ वा यांच्यात निवड करण्यात आयुष्य घालवू नका.

नवे गेम

पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत वेगळ्या कागदावर. तोपर्यंत त्यांच्याभोवतीचा गलका शांत होतो, पॅच येऊन संपतात आणि त्यांची नक्कल करणारेही आलेले असतात. ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) मी असाच थांबवून ठेवला होता. पुन्हा खेळताना तुटणाऱ्या शस्त्रांचा राग पहिल्यापेक्षा कमी आला आणि एकसारख्या दिसणाऱ्या श्राइन्सचा (कोडी असलेल्या छोट्या देवळांचा) जास्त. मुदत संपली की नव्या फाइलने सुरू करा. जुना सेव्ह उघडलात तर सगळी शस्त्रं, सगळी ताकद हातात असते आणि गेम सोपा वाटतो.