डीएसएलआरचा रिव्ह्यू कितपत खरा, हे कसं ओळखायचं

भाच्याने परवा तीन लिंका पाठवल्या, मामा यातलं खरं कोण बोलतंय ते सांग म्हणून. त्याला सेकंडहँड निकॉन डी७५०० घ्यायचाय, पण एक म्हणतो घेऊच नका, दुसरा म्हणतो डोळे झाकून घ्या, तिसऱ्याने तर नुसता बॉक्स उघडून दाखवलाय. मी म्हटलं ते तिन्ही आधी बंद कर आणि ह्याच लोकांनी माझ्या डी७२०० बद्दल काय सांगितलंय ते शोध.

ही माझी सगळ्यात भरवशाची पद्धत आहे. जो कॅमेरा आपण स्वतः चार वर्षं वापरलाय त्याचा रिव्ह्यू आधी बघायचा, म्हणजे आपण रिव्ह्यू करणाऱ्याची परीक्षा घेतो, कॅमेऱ्याची नाही. मी डी७२०० घेतला २०१५ मध्ये, सिंहस्थाच्या तोंडावर, आणि रामकुंडावरच्या गर्दीत पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळल्या: रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने काही न सुधारलेल्या फाइलमध्ये) सलग बोट दाबून ठेवलं की तीनेक सेकंदांत बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत थांबतात ती जागा, भरतो, आणि डोक्यावर हात उंच करून लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, काढायला गेलं तर फोकस रेंगाळतो, वर स्क्रीन हलत नाही त्यामुळे काही दिसतही नाही. ह्या गोष्टी ज्याच्या रिव्ह्यूत आहेत त्याने कॅमेरा खरंच वापरलाय. ज्याच्याकडे फक्त २४ मेगापिक्सेल, ५१ फोकस पॉइंट, दोन कार्ड स्लॉट एवढंच आहे त्याने कंपनीचं पत्रक वाचून दाखवलंय. स्वतःचा कॅमेरा नसेल तर गल्लीतल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या दादाला विचारा, त्याच्या कॅमेऱ्यावरून तपासा.

मग बघायचं की माणसाने कुठल्या परिस्थितीत काय लावून फोटो काढले ते सांगितलंय का. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने पहाटे जाऊन बघा, पाणकणसांच्या आतून भोवत्या हा शिकारी पक्षी निघतो आणि कॅमेरा पक्ष्याऐवजी पुढच्या पात्यावर फोकस धरून बसतो. हा दोष बॉडीचा असेल, स्वस्तातल्या झूम लेन्सच्या मंद मोटरचा असेल, किंवा हलत्या गोष्टीचा एएफ-सी मोड लावायच्या ऐवजी स्थिर गोष्टीचा एएफ-एस राहिला असेल. आता कोणी लिहिलं की "फोकस स्लो आहे, पक्ष्यांसाठी बेकार", आणि लेन्सचं नाव नाही, मोड नाही, उजेड किती ते नाही, तर ते वाक्य मी सोडून देतो, मग ते माझ्या मताशी जुळत असलं तरी.

मऊ, म्हणजे पुसट फोटोंची तक्रार तर फारच वेळा चुकीच्या माथी मारली जाते. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, काढताना फोकस वेगळा सेन्सर ठरवतो आणि तो एखाद्या लेन्सबरोबर थोडा पुढेमागे असू शकतो. एफ १.८ ला, म्हणजे लेन्स खूप उघडी असताना, हे लगेच दिसतं. तपासायला पाच मिनिटं लागतात, टेबलावर पेपर ठेवायचा, तिरक्या कोनातून एका मथळ्यावर फोकस करून एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यूमधून काढायचा. लाइव्ह व्ह्यूतला कडक आणि दुसऱ्यात मागची-पुढची ओळ कडक, असं आलं तर दोष जुळणीचा आहे, डी७५०० किंवा कॅनन ८०डी मध्ये तो मेन्यूतून सुधारता येतो. डी५६०० मध्ये ती सोयच नाही, आणि हे जो सांगतो तो आपल्या कामाचा माणूस.

आकड्यांचं पण तसंच. कॅमेऱ्यांना मार्क देणाऱ्या डीएक्सओमार्क साईटवर डी७२०० ला ८७ आणि डी७५०० ला ८६, ह्या एका मार्कावरून लोक भांडतात, पण तो आकडा फक्त सेन्सरचा आहे, फोकस, बफर, पकड ह्यातलं त्यात काहीच नाही. कॅनन ९०डी च्या बाबतीत तर मला अन्यायच वाटतो, ३२.५ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्के झूम करून २४ च्या फोटोशेजारी ठेवला तर दाणे, म्हणजे नॉइज, जास्त दिसणारच, दोन्ही एकाच साइजला आणून बघायला हवेत. डीपीरिव्ह्यू साईटच्या स्टुडिओ तुलनेत रॉ निवडून आपल्यालाच बघता येतं, तिथे पंधरा मिनिटं घालवा. आणि नॉइजचे नमुने जेपेग असतील तर सावध, कॅमेरा ते दाणे आतल्या आत पुसून देतो.

पैशाचं थोडक्यात. कॅमेरा कंपनीने दिला की स्वतः घेतला, हे सांगणारा माणूस वाईट नसतो, लपवणारा असतो. खरेदीच्या साईटवर एक स्टारवाल्यातले बरेच बॉक्स फाटला, डिलिव्हरी उशिरा ह्यावर असतात, पाच स्टारवाले दुसऱ्या दिवशी लिहिलेले. मी तीन स्टारवाले वाचतो, सहा महिन्यांनी लिहिलेले मिळाले तर अजून चांगलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आलं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं, त्यामुळे डोळे आपलेच उघडे ठेवावे लागतात. तारीख पण बघा, २०१७ चा "पैसा वसूल" हा २०१७ च्या किमतीवर होता.

आता भाच्याच्या तीन लिंका. गंमत म्हणजे "घेऊच नका" वाला सगळ्यात सरळ निघाला. त्याने स्पष्ट लिहिलंय की मी लग्नं काढतो, डी७५०० ला एकच कार्ड स्लॉट आहे, कार्ड गेलं तर नवरीचे फोटो परत मिळत नाहीत, शिवाय माझ्या जुन्या मॅन्युअल लेन्सवर मीटरिंग, म्हणजे उजेड मोजणं, चालत नाही. दोन्ही खरंय. त्याच रिव्ह्यूत त्याने हेही कबूल केलंय की सेकंदाला ८ फ्रेम आणि रॉ चे ५० फोटो सलग, पक्षीवाल्यांना हेच पाहिजे. भाचा तर पक्षीवालाच! म्हणजे त्याचा निकाल भाच्यासाठी उलटा, पण माणूस खरा. "डोळे झाकून घ्या" वाल्याने त्या कार्ड स्लॉटचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

रविवारी एमजी रोडला विकणाऱ्याला भेटायचंय. भाच्याला सांगितलंय, स्वतःचं कार्ड घेऊन ये, रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेव, आणि घरातला सकाळचा पेपर विसरू नकोस.