मोरचुदातलं स्फटिकजल अचूक कसं मोजावं

मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, निळे स्फटिक हाताला कोरडे लागतात, तरी त्यांच्या वजनात ३६ टक्के पाणी असतं. हेच स्फटिकजल: कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू. ते मोजायला चिनी मातीची झाकणवाली मूषा (तापवायची वाटी), बर्नर, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू आणि डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) एवढं पुरतं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

रिकामी मूषा आधी पाच मिनिटं तापवा, थंड करून वजन घ्या. तिच्या अंगची ओल मोरचुदाच्या खात्यात जायला नको. मग अडीच ग्रॅमच्या आसपास बारीक पूड घालून पुन्हा वजन. खडे घालू नका, तापले की ते तडतडून बाहेर उडतात.

खरी गोची तापवण्यात आहे. "पूड पांढरी झाली की थांबा" असं सर्रास सांगतात. मीही तेच करायचो आणि उत्तर पाचाऐवजी चारच्या जवळपास यायचं. कारण कळायला फार वेळ लागला. पाण्याच्या पाच रेणूंपैकी चार तांब्याला जोडलेले असतात. ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास निघून जातात. पाचवा सल्फेटच्या हायड्रोजन बंधांत अडकलेला असतो आणि तो सुटायला २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. पण चार रेणू गेलेली पूडही जवळजवळ पांढरीच दिसते! रंग बघून थांबलात तर फसलात.

म्हणून आच मोठी करायची, हा उपाय त्याहून वाईट. सुमारे ६०० अंशांच्या पुढे सल्फेटच फुटतं, घशाला झोंबणारा वायू निघतो आणि काळं कॉपर ऑक्साइड उरतं. मूषेचा तळ लाल दिसला की आच जास्त झाली असं समजा. पूड करडी किंवा काळपट पडली तर ती वाचवत बसू नका, नवी घ्या. काचेच्या कांडीने ढवळायलाही माझा ठाम विरोध आहे, कांडीला चिकटलेली पूड हिशेबातून जाते. मंद आचेवर, बर्नर हातात धरून ज्योत मूषेखाली फिरवत, दहा मिनिटं तापवा.

मग झाकण ठेवा आणि मूषा डेसिकेटरमध्ये पूर्ण गार होऊ द्या. गरम मूषेभोवतीची हवा वर चढते, त्यामुळे वजन कमी दिसतं. उघड्यावर गार केली तर निर्जल पूड हवेतली ओल ओढून घेते. वजन लिहा, पुन्हा पाच मिनिटं तापवा, गार करा, वजन करा. लागोपाठच्या दोन वजनांत ०.०१ ग्रॅमपेक्षा जास्त फरक उरला नाही की पाणी गेलं. तराजूनं सांगितल्याशिवाय थांबायचं नाही.

गणित किरकोळ आहे. २.५० ग्रॅममधून १.६० ग्रॅम उरलं, म्हणजे पाणी ०.९० ग्रॅम. ०.९० ला पाण्याच्या रेणुवजनाने, १८ ने, भागलं की ०.०५० मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक), १.६० ला निर्जल कॉपर सल्फेटच्या १५९.५ ने भागलं की ०.०१० मोल. गुणोत्तर ५.

उत्तर पाचाहून कमी आलं तर पाणी उरलं होतं किंवा गार होताना परत शिरलं. जास्त आलं तर पूड उडाली, सल्फेट फुटलं किंवा गरमच वजन केलं. ४.६ आलं तर वहीत ४.६ च लिहा आणि शेजारी कारण लिहा. खोडून पाच करू नका.