साखर ४५०, एक हात थांबेना: स्कॅन कसा वाचावा

साखर खूप वाढलेली आणि शरीराच्या एकाच बाजूचा हात-पाय आपोआप झटकतोय, असा रुग्ण आला की आधी ग्लुकोमीटर, लगेच प्लेन (कॉन्ट्रास्ट औषधाशिवायचा) सीटी. मनात डायबेटिक स्ट्रायटोपॅथी (वाढलेल्या साखरेमुळे मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या भागात होणारा बिघाड) असू द्या.

हालचालीच्या विरुद्ध बाजूचं पुटामेन आणि कॉडेट (मेंदूत खोलवर असलेले, हालचाल सांभाळणारे दोन भाग) बघा. तिथली पांढुरकी छटा पाहून घाईत ‘रक्तस्राव’ लिहिलं जातं. रक्त सीमा पाळत नाही; भोवती सूज आणतं, व्हेंट्रिकल (मेंदूतली द्रवाची पोकळी) दाबतं. ही छटा मात्र पुटामेन-कॉडेटच्या आकारातच राहते, शेजारचं इंटर्नल कॅप्सूल (मज्जातंतूंचा पट्टा) त्यातून वाचतं, दाब नसतो. सीटी नॉर्मल आला तरी निदान बाद होत नाही.

मग एमआरआय. टी१ वर तोच भाग चकाकतो; टी२ चा भरवसा नाही (टी१, टी२ हे एमआरआय प्रतिमांचे प्रकार). पक्षाघात नजरेतून सुटू नये म्हणून डिफ्युजन (ताजा पक्षाघात दाखवणारी एमआरआय प्रतिमा) घ्याच. एसडब्ल्यूआयवर (रक्त काळं दाखवणारी एमआरआय प्रतिमा) थोडा काळेपणा इथेही दिसतो, तेवढ्यावरून रक्त ठरवू नका. टी१ वर दोन्ही बाजूंचं ग्लोबस पॅलिडस (पुटामेनच्या आतल्या बाजूचा भाग) चकाकत असेल तर यकृताच्या आजाराकडे वळा. रुग्ण हलतोच, म्हणून टी१ आधी उरकावा, डोक्याला पॅड लावावेत. झोपेत हालचाल थांबते, त्यामुळे गरज पडल्यास भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सिडेशन (गुंगीचं औषध).

साखर आटोक्यात आली की झटके बहुधा दिवस-आठवड्यांत ओसरतात. टी१ ची चकाकी महिनोन्महिने रेंगाळते; तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा स्कॅन नको.