पावसाळ्यात रेयॉनचे कपडे असे सांभाळा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 'रेयॉन' म्हणून मिळणारा मऊ, झुळझुळीत कुर्ता म्हणजे बहुधा व्हिस्कोस. झाडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. अंगाला गार लागतो, घाम टिपतो, म्हणून गोव्याच्या दमट हवेत मला तो पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी बरा वाटतो. पण भिजला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्याने उतरते. म्हणून धोंड्यावर आपटू नका, पिळू नका. गार पाण्यात हलक्या हाताने धुवा, जुन्या टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढा आणि आडवा पसरून वाळवा. दोरीवर लटकवला तर ओल्या वजनाने ओघळून लांब होतो. जून-जुलैत पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका. हा धागा सेल्युलोजचा, म्हणजे झाडातल्याच तंतुद्रव्याचा असतो आणि त्यावर बुरशी चटकन धरते.

नवीन घेताना लेबलवर 'लायोसेल' लिहिलंय का पाहा; हाही लाकडाच्या लगद्याचाच धागा. किंमत थोडी जास्त, पण ओला असतानाही तो व्हिस्कोसपेक्षा मजबूत राहतो. शिवाय व्हिस्कोस बनवताना कार्बन डायसल्फाइड हे विषारी रसायन लागतं; लायोसेलला ते लागत नाही, आणि त्याचं द्रावक (लगदा विरघळवणारं रसायन) ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवून पुन्हा वापरलं जातं. लाकूड कुठल्या जंगलातलं, हेही दुकानदाराला जरूर विचारा. लेबलवर एफएससीची, म्हणजे जंगल जबाबदारीने सांभाळल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची खूण असेल तर उत्तम.