स्टेट डायग्राम कागदावरच राहतो: एम्बेडेड कोडमधल्या या चुका टाळा

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारी नवीन मुलं स्टेट डायग्राम, म्हणजे यंत्राच्या अवस्था गोलांनी आणि त्यांतले बदल बाणांनी दाखवणारं चित्र, सुरेख काढतात. पाच गोल, नीट बाण. यंत्रातल्या कंट्रोलर चिपचा कोड उघडला की त्यातला एकही गोल सापडत नाही, नुसते फ्लॅग, म्हणजे हो-नाही सांगणारी सुटी व्हेरिएबल. हे बघून बघून जीव विटला आहे.

दिंडोरी तालुक्यातलं द्राक्षांचं प्रीकूलिंग युनिट (तोडलेली द्राक्षं लगेच थंड करणारं), फेब्रुवारीचा ऐन हंगाम. डायग्राममध्ये अवस्था पाच: बंद, प्रतीक्षा, कूलिंग, डीफ्रॉस्ट (हीटरने साचलेला बर्फ वितळवणं), बिघाड. कोडमध्ये फ्लॅग सात, म्हणजे चालू-बंदच्या 128 शक्यता, आणि त्यातल्या बहुतेकांचा कुणी विचारच केलेला नव्हता. रात्री डीफ्रॉस्ट चालू असताना लाइट गेली आणि लगेच आली. एवढ्यात कंट्रोलर रिसेटही झाला नाही. तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर सुरू करणारा कोड ठरल्याप्रमाणे चालला, पण डीफ्रॉस्टचा फ्लॅग तसाच वर. हीटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही चालू! पहाटे पोहोचलो तेव्हा डिस्प्लेवर अकरा अंश होते आणि बागाईतदार क्रेटवर हात ठेवून गप्प उभे होते.

तेव्हापासून माझी सवय अशी: अवस्थेसाठी एकच इनम (अवस्थांच्या नावांची यादी), एकच स्विच (अवस्थेप्रमाणे कोडची वाट निवडणारा), अवस्था बदलणारं एकच फंक्शन. कागदावरच्या प्रत्येक बाणाला नंबर, तोच नंबर कोडच्या कमेंटमध्ये. डीफॉल्टमध्ये, म्हणजे कुठलीच अवस्था जुळली नाही तर, हीटर-कॉम्प्रेसर चालवणारे सगळे रिले बंद. "सर, दोन इफमध्ये होतंय की" म्हणणाऱ्याच्या हातात मी बोर्ड देत नाही.

वॉचडॉग, म्हणजे ठरल्या वेळेत रिफ्रेश झाला नाही तर कंट्रोलर रिसेट करणारं घड्याळ, टायमरच्या इंटरप्टमधून (चालू काम थांबवून मध्येच चालणाऱ्या कोडमधून) रिफ्रेश करू नका. मेन लूप अडकला तरी इंटरप्ट येतच राहतो, मग वॉचडॉग असून नसल्यासारखा. प्रत्येक टास्कने हजेरी लावावी, सगळ्यांची लागली तरच रिफ्रेश.

इंटरप्टमध्ये बदलणाऱ्या व्हेरिएबलला व्होलाटाइल लावा, म्हणजे कंपायलर जुनी किंमत धरून बसत नाही. 8 बिट कंट्रोलरवर 16 बिटची किंमत दोन तुकड्यांत वाचली जाते, म्हणून वाचताना क्षणभर इंटरप्ट बंदही करा.

32 बिटचा मिलिसेकंद काउंटर 49.7 दिवसांनी शून्यावर येतो. वेळ नेहमी वजाबाकी करून (आत्ताचा काउंट वजा सुरुवातीचा) तपासा.

म्युटेक्सला (एका वेळी एकाच टास्कला आत सोडणाऱ्या कुलपाला) प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू आहे ना, ते बघा; म्हणजे महत्त्वाचा टास्क वाट बघत असेल तर कुलूप धरून बसलेल्या टास्कला तेवढंच प्राधान्य मिळतं. 1997 मध्ये मंगळावर उतरलेलं नासाचं यान पाथफाइंडर ही सेटिंग बंद असल्याने पुन्हा पुन्हा रिसेट होत होतं. पृथ्वीवरून ती सेटिंग चालू केली तेव्हा थांबलं.

बोर्ड साइटवर जाण्याआधी मी प्रत्येक अवस्थेत सप्लाय अर्धा सेकंद तोडून बघतो. पाच अवस्था, प्रत्येकी दहा वेळा. डीफ्रॉस्टमध्ये वीस वेळा.