पडद्यावर उभी, टेबलावर आडवी: स्वतःची लेगो रचना करताना आणि इतरांना देताना या चुका टाळा

कंपनीच्या पुस्तिकेत नसलेली, स्वतःच्या डोक्यातून निघालेली लेगो रचना या छंदातल्या लोकांच्या बोलण्यात ‘मॉक’ म्हणून ओळखली जाते. पहिली मॉक बहुतेकांना आवडीच्या गाडीची किंवा घराची करावीशी वाटते. मी एसटीची लाल बस निवडली आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चुकलो. त्या बसचाच दाखला पुढे वारंवार येईल, कारण या छंदातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: रचना आपल्याला दिसते म्हणजे ती दुसऱ्याला बांधता येईल, असे आपण गृहीत धरतो.

पहिली चूक प्रमाणाची. पुष्कळ जण रुंदी डोळ्याने ठरवतात, मग लांबी वाढवत नेतात आणि शेवटी बस टेम्पोसारखी का दिसते याचा विचार करीत बसतात. लेगोची लहान माणसे, म्हणजे १९७८ पासून मिळणाऱ्या मिनिफिगर, सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतात. साधारण १.६८ मीटर उंचीचा माणूस धरला तर प्रमाण जवळपास १:४२ येते. आपल्या रस्त्यांवरच्या मोठ्या बसची रुंदी २.६ मीटरपर्यंत असते. तिला ४२ ने भागले की सुमारे ६२ मिलिमीटर मिळतात. दोन शेजारच्या स्टडांच्या, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांच्या, मध्यांत ८ मिलिमीटर अंतर असते, म्हणून बसची रुंदी ८ स्टड ठेवावी लागते. लांबी ११ मीटर धरली तर २६२ मिलिमीटर, म्हणजे ३३ स्टड. हे गणित कागदावर दोन मिनिटांत होते आणि पुढचे कित्येक तास वाचवते.

मात्र हेच गणित आसनांपाशी फसते. मिनिफिगर खऱ्या माणसापेक्षा बुटकी आणि कितीतरी रुंद असते: तिचे पाय २ स्टड जागा घेतात आणि हातांसकट ती जवळजवळ ३ स्टड अडवते. ८ स्टड रुंदीच्या बसमध्ये दोन्ही भिंती वजा जाता आत ६ स्टड उरतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने आणि मध्ये कंडक्टरला चालायला वाट ही खरी मांडणी त्या जागेत बसूच शकत नाही. प्रत्येक बाजूला एकच आसन आणि मध्ये २ स्टडांची वाट एवढेच जमते. नवशिका अशा वेळी बस १० किंवा १२ स्टड रुंद करतो आणि मग चाके, दारे, खिडक्या सगळेच खोटे दिसू लागते. बाहेरून खरी दिसणारी बस हवी की आत माणसे बसवता येणारी, हे आधी ठरवावे. दोन्ही मिळत नाहीत, आणि त्यात तुमच्या कौशल्याचा काही दोष नाही.

रुंदी सम आहे की विषम याकडेही फारसे कुणी पाहत नाही. ८ स्टडांच्या दर्शनी भागाला मधला स्टड नसतो. मधल्या पट्टीने दुभागलेली काच दाखवायची असेल, तर १ स्टड रुंदीची पट्टी मध्यावर येत नाही; तिला अर्धा स्टड, म्हणजे ४ मिलिमीटर, सरकवणारी जंपर प्लेट, म्हणजे मध्यावर एकच स्टड असलेला पातळ ठोकळा, लागते. हे शेवटी लक्षात आले तर पुढची सगळी बाजू उकलावी लागते.

आता मापांचा गाभा. साध्या विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ ठोकळ्याची, म्हणजे प्लेटची, ३.२ मिलिमीटर असते, म्हणून तीन प्लेट मिळून एक वीट होते. एवढे मुलांनाही ठाऊक असते. घोटाळा सुरू होतो तो ठोकळे आडवे वळवल्यावर, म्हणजे स्टड वर न ठेवता बाजूला तोंड करून बसवल्यावर. तीन प्लेट आडव्या केल्या की जाडी ९.६ मिलिमीटर भरते, तर एक स्टड असतो ८ मिलिमीटरचा. उरलेले १.६ मिलिमीटर कुठेतरी फटीच्या किंवा फुगवट्याच्या रूपाने बाहेर येतातच. लक्षात ठेवण्यासारखे समीकरण असे: पाच प्लेटची जाडी १६ मिलिमीटर आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिलिमीटर. आडवे बांधकाम पाच प्लेटच्या पटीत केले की ते उभ्या बांधकामाशी जुळते. अडीच प्लेटची गरज पडली तर ब्रॅकेट, म्हणजे काटकोनात वळलेली प्लेट, उपयोगी येते, कारण त्याची उभी भिंत १.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्ध्या प्लेटइतकी जाड असते. बसच्या बाजूवरचा पिवळा पट्टा खिडकीखाली नीट बसत नव्हता, तेव्हा मी दोन रविवार रंग बदलून पाहिले. अडचण या अर्ध्या प्लेटची होती.

माप जुळले तरी जोड योग्य असतोच असे नाही. दोन स्टडांमधली मोकळी जागा काढून पाहा: ८ वजा स्टडाचा व्यास ४.८, म्हणजे ३.२ मिलिमीटर, हुबेहूब प्लेटची जाडी. त्यामुळे प्लेट उभी करून स्टडांमध्ये खोचण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ती दाबून बसवावी लागते, आणि सतत ताणाखाली राहिलेले एबीएस प्लास्टिक कालांतराने पांढुरके पडते किंवा चिरते. लेगोचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये अशा जोडांवर एक सादरीकरण केले होते. तेव्हापासून ‘बेकायदा जोड’ (कंपनी स्वतःच्या सेटमध्ये टाळते असा, भागांवर ताण आणणारा जोड) हा शब्द छंदातल्या लोकांच्या तोंडी अधिकच रुळला. स्वतःच्या कपाटातल्या रचनेत तुम्ही काय करता याची विचारपूस कुणी करणार नाही. पण रचना इतरांना देताना असा एकही जोड ठेवू नये, कारण तुटणारा ठोकळा त्यांच्या पैशांचा असतो. तपासणीची रीत सोपी आहे. भाग बसवायला नखापेक्षा जास्त जोर लागला, किंवा बसवल्यावर शेजारचा भाग किंचित उचलला गेला, तर तो जोड बदलावा. जुने तपकिरी आणि गडद लाल भाग ठिसूळ म्हणून कुप्रसिद्ध आहेत. त्यांच्यावर ताण येणारी पकड तर अजिबात टाकू नये.

सांगाडा पोकळ ठेवणे ही चूक पडद्यावर दिसतच नाही. ३३ स्टड लांबीचा तळ प्लेटच्या एकाच थराचा केला तर पडद्यावर तो सरळ रेषेत राहतो आणि हातात घेताच मधोमध वाकतो. गवंडी वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही. तोच नियम इथे आहे. प्लेटचे निदान दोन थर घ्यावेत, त्यांचे सांधे एकमेकांपासून दूर ठेवावेत आणि मध्ये विटांचा किंवा टेक्निकच्या, म्हणजे लेगोच्या यंत्ररचनांच्या मालिकेतल्या, भोकाच्या विटांचा कणा द्यावा. छप्पर काढता येण्यासारखे हवे म्हणून ते चारच स्टडांवर टेकवणारेही पुष्कळ असतात, आणि पाहुणा बस नेमकी छपराला धरून उचलतो.

संगणकावर रचना करणे आता सर्रास झाले आहे. या परंपरेचा पाया १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी तयार केलेल्या एलड्रॉ या प्रणालीने घातला. तिचे एकक ०.४ मिलिमीटरचे, त्यामुळे एका स्टडाला २० आणि विटेच्या उंचीला २४ एकके पडतात. आज बहुतेक जण ब्रिकलिंक या लेगो भागांच्या ऑनलाइन बाजाराचे स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. सॉफ्टवेअरला गुरुत्वाकर्षण नसते आणि बोटांची जाडीही त्याला माहीत नसते, हे विसरणे सर्वांत महाग पडते. कशालाही न जोडलेला भाग तिथे हवेत सुखाने तरंगतो. चारी बाजूंनी बंद झालेल्या खोबणीत शेवटचा भाग माउसने सरकवता येतो, हाताने नाही. मॉडेल पूर्ण झाल्यावर प्रत्येक उपविभाग वेगळा उचलून, बाजूला सरकवून पाहावा. जो भाग मागे राहतो तो जोडलेलाच नव्हता.

रंगांचे असेच आहे. पडद्यावर कोणताही भाग कोणत्याही रंगात रंगवता येतो, पण कंपनीने तो त्या रंगात कधी बनवलाच नसेल तर ती रचना कागदोपत्रीच राहते. रंग भरण्याआधी तो भाग त्या रंगात मिळतो का, आणि मिळत असल्यास किती विक्रेत्यांकडे, हे पाहण्याची सवय लावावी. राखाडी रंगाबाबत विशेष सावध राहावे: २००४ च्या सुमारास कंपनीने फिका आणि गडद असे दोन्ही राखाडी रंग बदलून थोडे निळसर केले आणि जुन्या तपकिरीच्या जागी लालसर तपकिरी आणला. जुने आणि नवे राखाडी ठोकळे दिव्याखाली सारखेच वाटतात. दिवसाच्या उजेडात बसचे बंपर ठिगळ लावल्यासारखे दिसते. रचनेसोबत द्यायच्या भागांच्या यादीत रंगाचे नाव पूर्ण लिहावे, नुसते ‘राखाडी’ नव्हे. भागांचे साचेही बदलतात आणि त्यांबरोबर क्रमांकही. एका स्टडाची जंपर प्लेट जुन्या साच्यात ३७९४ आहे आणि नव्यात १५५७३. दोन्ही चालत असतील तर यादीत तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे घेणाऱ्याला स्वस्त पडेल तो साचा घेता येतो.

भारतात राहून रचना करणाऱ्याला या यादीची झळ जरा जास्तच लागते. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यात परदेशी विक्रेत्याचे टपाल मिळवले की दोन रुपयांचा भाग दोन रुपयांचा राहत नाही. माझ्या बसच्या पहिल्या यादीत तीन भाग असे होते की प्रत्येकासाठी वेगळ्या देशातला विक्रेता शोधावा लागला असता. तिन्ही ठिकाणी साधे, कोणत्याही घरच्या डब्यात सापडणारे भाग वापरून काम भागले आणि बस आधीपेक्षा वाईट दिसली नाही. दुर्मीळ भाग हे रचनेचे भूषण आहे असे मानणाऱ्यांशी माझे पटत नाही. फक्त आत दडणाऱ्या, बाहेरून न दिसणाऱ्या भागांना रंगाची अट घालणे हा तर निव्वळ अपव्यय आहे. यादीत तिथे ‘कोणताही रंग’ असे लिहावे.

मग येते बांधणीची पुस्तिका, जिच्यात बहुतेक चांगल्या रचना बुडतात. ज्या क्रमाने आपण रचले तोच क्रम पुस्तिकेत उतरवणे ही मुख्य चूक, कारण रचताना आपण मागे-पुढे करतो, मधला भाग काढून बदलतो, वरून खाली येतो. पुस्तिकेचा क्रम नव्याने लावावा लागतो: पाया, कणा, भिंती, मग बाहेरचे कवच. एका पायरीत दहा-बारा भाग घालू नयेत, आणि आधीच्या भागांमागे दडणारा भाग तर स्वतंत्र पायरीतच दाखवावा. काळ्यावर काळा भाग बसत असेल तर कडांच्या रेषा ठळक कराव्यात किंवा नवा भाग वेगळ्या रंगाच्या चौकटीत दाखवावा. बसच्या तळात हे फार होते, कारण चाकांच्या भोवतालचे सगळेच भाग काळे असतात. मॉडेल फिरवायचे असेल तर फिरवण्याची खूण द्यावी आणि दर तीन पायऱ्यांना ते उलटसुलट करू नये. टेक्निकच्या पिना सारख्या दिसल्या तरी घर्षणाची काळी आणि बिनघर्षणाची राखाडी या दोहोंचे काम वेगळे असते. फिरायला हवी ती बिजागरी काळ्या पिनेने घट्ट बसते आणि दोष रचनाकाराला लागतो.

पुस्तिका तयार झाल्यावर ती स्वतः तपासून समाधान मानू नये. मी माझ्या बसची पुस्तिका दोनदा वाचली होती, तिच्यात मला एकही चूक सापडली नव्हती. माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने तेविसाव्या पायरीवर थांबून विचारले, “मामा, हे आत घालायचं कुठून?” आसनाखालची प्लेट बाजूच्या भिंती बसल्यावर येत होती आणि तिथे बोट शिरायलाच जागा नव्हती. मी ती बांधताना नकळत भिंत सैल करून घेतली होती, आणि पुस्तिकेत त्या सैल करण्याचा उल्लेख नव्हता. परीक्षकाला मदत करू नये, त्याच्या शेजारी गप्प बसावे आणि तो कुठे पाने मागे उलटतो ते टिपून ठेवावे.

छायाचित्रांबद्दल थोडेच. खिडकीजवळचा मऊ उजेड, मागे साधा कागद आणि मोबाइल थोडा लांब धरून झूम. जवळून टिपले की बसचे तोंड फुगते. पांढरे आणि राखाडी ठोकळे उन्हात पिवळे पडतात, म्हणून छायाचित्र घेतल्यावर बस खिडकीतच सोडून देऊ नये.

रचना सगळ्यांसाठी खुली करताना श्रेय आणि हक्क यांकडे काणाडोळा होतो. आपण दुसऱ्याच्या रचनेतून खिडकीची युक्ती उचलली असेल तर तसे सांगावे, आणि पूर्ण रचनेवर थोडे फेरफार केले असतील तर ती ‘मूळ’ म्हणवू नये. लेगो हे नाव आणि चिन्ह कंपनीच्या मालकीचे आहे. रचना कोणत्या ठोकळ्यांची हे सांगायला नाव वापरता येते, पण कंपनीचे चिन्ह आपल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर टाकू नये. बसवर छापील चिकटचित्रे लावली असतील तर ती अधिकृत भाग नाहीत हेही लिहावे. काही जण लेगो आयडियाजकडे, म्हणजे चाहत्यांच्या रचनांतून सेट निवडणाऱ्या कंपनीच्या उपक्रमाकडे, रचना पाठवतात आणि दहा हजार पाठिंबे मिळाले म्हणजे सेट निघणारच, अशा समजुतीत राहतात. दहा हजारांनंतर कंपनीची छाननी असते आणि बहुतेक रचना तिथेच थांबतात. निवड झालीच तर मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो.

फाइल दिल्यानंतर चूक सापडली तर ती गुपचूप बदलू नये. जुन्या यादीवरून कुणीतरी भाग मागवलेले असतात, म्हणून फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घालावी, काय बदलले ते दोन ओळींत लिहावे आणि वाढलेल्या किंवा कमी झालेल्या भागांची वेगळी छोटी यादी जोडावी. माझ्या बसची सध्या चौथी आवृत्ती चालू आहे. तिच्यात भाच्याची तेविसावी पायरी आता चौदावी झाली आहे.